बोलणं हरपलेलं मूल, नॉर्मल एमआरआय आणि पुढच्या तपासण्या

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेपाच वर्षांचा. साडेचारपर्यंत मराठी छान बोलायचा, बालवाडीतली गाणी म्हणायचा. मग झोपेत दोनदा फिट आली. त्यानंतर हळूहळू हाकेला ओ देईनासा झाला आणि आता चार-पाच शब्दांवर आलाय. कुकरची शिट्टी झाली की वळून बघतो, नावाने बोलावलं तर बघत नाही. एकीकडे ऑटिझम सांगितलं, दुसरीकडे बहिरेपणाची शंका घेतली. कानांची तपासणी नॉर्मल, मेंदूचा एमआरआयही नॉर्मल. आता कुणी पेट स्कॅन सुचवतंय, कुणी फंक्शनल एमआरआय, तर एका डॉक्टरांनी रात्रभराचा ईईजी सांगितलाय. यातलं खरंच काय लागतं? किरणांचा त्रास होईल का? आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर उरलंसुरलं बोलणंही जाईल का?

उत्तर:

आधी रात्रभराचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, करा. बाकीच्या तपासण्यांचा विचार तो अहवाल हातात आल्यावर होईल, आणि त्यातल्या काही तुमच्या मुलाला लागणारही नाहीत. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या फिट्सवर काम करतो. मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणं योग्य नाही. पण चांगलं बोलणारं मूल, झोपेतल्या फिट्स, आधी समजणं कमी होणं, मागोमाग बोलणं जाणं आणि कान मात्र ठीक असणं हा क्रम वाचला की लँडाउ-क्लेफ्नर सिंड्रोमचा विचार करावाच लागतो. तो मनात असेल तर महिनोन् महिने वाट बघण्यात अर्थ नसतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

विल्यम लँडाउ आणि फ्रँक क्लेफ्नर यांनी १९५७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं अशा काही मुलांचं वर्णन केलं. ही मुलं आधी नीट बोलत होती, मग त्यांची भाषा गेली आणि ईईजीत फिट्सचे ठसे सापडले. हा आजार बहुतेक वेळा तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान दिसतो. मुलाला आवाज ऐकू येतो, पण शब्दांचा अर्थ लागत नाही. आई समोर उभी राहून जे बोलते ते त्याच्यासाठी नुसता गोंगाट होऊन बसतं. सुरुवातीला ओळखीचे आवाज, म्हणजे दाराची बेल, गाडीचा हॉर्न, कुकरची शिट्टी, कळत राहू शकतात. म्हणूनच घरच्यांना वाटतं की मूल मुद्दाम ऐकत नाही. चिडचिड, हट्ट आणि चंचलपणा वाढतो, आणि मग ऑटिझमचं लेबल लागायला वेळ लागत नाही. ऑटिझममध्येही बोलणं मागे जाऊ शकतं, पण ते बहुधा दीड ते दोन वर्षांच्या आसपास, जेमतेम काही शब्द आलेले असताना. पूर्ण वाक्यं बोलणारं चार-साडेचार वर्षांचं मूल शब्द गमावू लागलं, तर झोपेतला ईईजी झाल्याशिवाय ऑटिझमवर शिक्कामोर्तब करू नये, असं माझं ठाम मत आहे. या मुलांपैकी सुमारे पाव हिश्शात डोळ्यांना दिसेल अशी फिट कधीच येत नाही, तेव्हा "फिट आली नाही, मग ईईजी कशाला" हा युक्तिवादही टिकत नाही.

आता ईईजी झोपेतलाच का हवा ते बघू. जागेपणी या मुलांचा ईईजी जवळजवळ स्वच्छ असू शकतो. मूल गाढ झोपलं की कानशिलाच्या बाजूच्या भागातून विजेचे टोकदार ठोके सुरू होतात आणि गाढ झोपेचा बराचसा वेळ व्यापून टाकतात. हा प्रकार १९७१ मध्ये पात्री, ल्यागुबी आणि तासिनारी यांनी प्रथम मांडला. तेव्हा गाढ झोपेचा ८५ टक्के वेळ ठोक्यांनी भरलेला असेल तरच निदान पक्कं धरायचे, आता ५० टक्क्यांनाही गांभीर्याने घेतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात लँडाउ-क्लेफ्नर झोपेत असे सतत ठोके येणाऱ्या आजारांच्या मोठ्या गटाखाली ठेवलाय.

नुकसान कसं होतं, तर मांडवाचा लाउडस्पीकर रात्रभर उशाशी वाजत असलेल्या घरात पोरानं काय पाठांतर करावं, तशी त्या भागाची गत होते. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं. निरोगी मुलात रात्रीच्या सुरुवातीला गाढ झोपेच्या लाटा जोरकस असतात आणि पहाटेपर्यंत त्या ओसरतात. ज्यांच्या झोपेत सतत ठोके असतात, त्यांच्यात हे ओसरणं नीट होत नाही, असं ईईजीच्या अभ्यासांत दिसलंय. तो भाग मेलेला नसतो, त्याला जखमही नसते, त्याचं काम तेवढं होऊ शकत नाही. एमआरआय नॉर्मल येण्याचं कारण हेच. एमआरआय मेंदूची घडण दाखवतो, त्यात चाललेली गडबड दाखवत नाही. तुमच्या हातातला "नॉर्मल" अहवाल लँडाउ-क्लेफ्नरच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्याशी जुळतो.

ईईजी करताना काही गोष्टी सांभाळा. वीस मिनिटांचा, दुपारी उरकलेला ईईजी इथं पुरत नाही. निदान झोपेचं एक पूर्ण चक्र हवं, रात्रभराचा व्हिडिओ ईईजी उत्तम. आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घाला आणि तेल लावू नका, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. झोप नैसर्गिक असावी. मूल झोपतच नसेल तर काही ठिकाणी ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात, ते चालतं. मिडॅझोलामच्या गटातल्या औषधानं मात्र ठोकेच दबतात आणि शोधायला निघालेली गोष्टच हरवते, तेव्हा काय देणार आहेत ते विचारून घ्या. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. अहवालात गाढ झोपेचा किती टक्के वेळ ठोके होते आणि ते कुठल्या बाजूला जास्त होते, हे दोन्ही लिहून मागा. "एपिलेप्टिफॉर्म डिसचार्ज दिसतात" एवढ्या एका ओळीवर उपचार ठरवता येत नाहीत.

झोपेतल्या फिट्स आणि भाषेचा त्रास यांची एक सौम्य जोडीही असते, तिचा उल्लेख करायला हवा. रोलँडिक एपिलेप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मूल पहाटे उठतं, तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, शुद्ध असते पण बोलता येत नाही. हा प्रकार वयात येईपर्यंत बहुतेक मुलांत आपोआप थांबतो. अशा काही मुलांना वाचनात किंवा शब्द आठवण्यात थोडी अडचण येते, पण भाषा कोसळत नाही. तुमच्या मुलाची भाषा कोसळली आहे. म्हणून "वयानुसार जाईल" या आश्वासनावर थांबू नका.

आता एमआरआयकडे वळू. सगळे एमआरआय सारखे नसतात. फिट्ससाठी काढायच्या एमआरआयची पद्धत आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवून दिली आहे: एक मिलिमीटर जाडीचे सलग काप, टी-वन आणि फ्लेअर या दोन्ही प्रकारांत, आणि शिवाय हिपोकॅम्पसला (मेंदूतल्या स्मरणशक्तीच्या भागाला) काटकोनात घेतलेले टी-टू काप. डोकेदुखीसाठी काढतात तसा पाच मिलिमीटरच्या कापांचा एमआरआय असेल, तर त्यातल्या "नॉर्मल" शब्दाला फार वजन देता येत नाही. मशीन ३ टेस्लाचं असेल (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) तर चांगलंच, पण १.५ टेस्लावर योग्य पद्धतीनं काढलेला एमआरआय ३ टेस्लावर घाईत काढलेल्यापेक्षा मला जास्त उपयोगी वाटतो. नुसती फिल्म घेऊ नका, सीडी मागून घ्या. तीच चित्रं लहान मुलांच्या मेंदूची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टनं, ईईजीचा अहवाल शेजारी ठेवून पुन्हा पाहिली, तर पुष्कळदा नवीन काही न काढता उत्तर मिळतं. ईईजी डाव्या कानशिलाकडे बोट दाखवत असेल तर नजर तिथं थांबते आणि मग मेंदूच्या बाहेरच्या थराचा, म्हणजे कवचाचा, किंचित जाड भाग, करड्या-पांढऱ्या थरांमधली पुसट रेषा अशा बारीक खुणा दिसू लागतात.

अशा खुणांचा महत्त्वाचा आजार म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया. गर्भात असताना मेंदूच्या कवचाच्या पेशींची मांडणी एखाद्या ठिकाणी चुकते. १९७१ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं. औषधांना न जुमानणाऱ्या मुलांच्या फिट्समध्ये हे फार मोठं कारण आहे, आणि ऑपरेशननं खऱ्या अर्थानं बरं होण्यासारखंही आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण पुरतं तयार झालेलं नसल्यानं ही खूण लपू शकते. अशा बाळाचा पहिला एमआरआय नॉर्मल असला तरी अडीच वर्षांच्या आसपास पुन्हा काढावा. तुमचा मुलगा ते वय ओलांडून आलाय, त्यामुळे त्याच्या बाबतीत वय हा मुद्दा उरत नाही.

आपल्याकडच्या मुलांसाठी अजून दोन गोष्टी. पहिली जन्माच्या वेळची. बाळ उशिरा रडलं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरली, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि डिस्चार्ज कार्ड असेल तर तेही न्या. साखर उतरल्यानं मेंदूच्या मागच्या भागात व्रण राहू शकतात. जन्माच्या सुमारास थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या खोल भागाला) इजा झालेल्या मुलांमध्येही पुढं झोपेतले सततचे ठोके दिसतात. या मुलांचा एमआरआय नॉर्मल नसतो, आणि त्यांचा आजार लँडाउ-क्लेफ्नरसारखा दिसला तरी वाटचाल वेगळी असते. दुसरी गोष्ट पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होणारी मेंदूतली गाठ. ती शाकाहारी घरातही होते, कारण अंडी न धुतलेल्या भाज्यांवरून आणि हातांवरून पोटात जातात. एकच कडेदार गाठ आणि फिट हे चित्र भारतात नेहमी दिसतं, आणि तिथं शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला एमआरआय उपयोगी पडतो. भाषा हळूहळू सरत जाणं मात्र या गाठीचं लक्षण नाही.

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ती किती वापरतो ते बघतात. नेहमीच्या फोकल एपिलेप्सीत, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून फिट्स सुरू होतात त्या प्रकारात, फिट नसताना, आजारी भाग साखर कमी वापरतो आणि चित्रात मंद दिसतो. झोपेतल्या ठोक्यांच्या मुलांमध्ये मात्र ब्रुसेल्सच्या एका गटानं वेगळं चित्र पाहिलं. ठोके उठतात त्या जागी साखरेचा वापर वाढलेला, तर त्याच्याशी जोडलेल्या दूरच्या भागांत, विशेषतः कपाळामागच्या भागांत, घटलेला. मुलं बरी झाल्यावर दोन्ही बदल मागे फिरले. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण एका कोपऱ्यातल्या गडबडीनं दूरचे भागही दबून राहतात, हे त्यातून कळतं. मूल फक्त शब्द हरवत नाही, लक्ष आणि वागणंही का बिघडतं, त्याचं स्पष्टीकरण इथं मिळतं. ईईजी आणि फंक्शनल एमआरआय एकाच वेळी काढलेल्या अभ्यासांतही असंच दिसलं: कानशिलाजवळचे भाग आणि थॅलॅमस उत्तेजित, आणि मेंदू निवांत असताना जे जाळं काम करतं ते दबलेलं, मूळ आजार कुठलाही असो.

तरीही पेट तुमच्या मुलाची पहिली तपासणी नाही. साखर शोषली जाते त्या अर्ध्या-पाऊण तासाची सरासरी त्या चित्रात उतरते. तेवढ्या वेळात मूल झोपलं होतं की जागं, ठोके चालू होते की बंद, हे ईईजी लावून पाहिलं नसेल तर चित्राचा अर्थ उलटा लागू शकतो. फिट्स औषधांना दाद देत नसतील, एमआरआयमध्ये काही सापडत नसेल आणि ऑपरेशनचा विचार चालू असेल, तेव्हा पेटचं खरं काम असतं. मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्पेक्ट स्कॅनचंही तसंच. त्यात फिट सुरू झाल्याबरोबर, काही सेकंदांत, औषध शिरेत द्यावं लागतं, म्हणजे मूल दिवसेंदिवस वॉर्डात आणि नर्स सिरिंज हातात घेऊन तयार. फिटनं फार लांबवर पसरायच्या आत कुठून सुरुवात केली ते त्यातून कळतं. तुमच्या मुलाला याची गरज नाही.

एमईजी ही कमी ठिकाणी मिळणारी, पण या आजाराशी जवळचं नातं असलेली तपासणी आहे. मेंदूतल्या विद्युतप्रवाहांमुळे डोक्याबाहेर अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण, आणि ते मोजायला जाड कवच असलेली स्वतंत्र खोली लागते. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घड्यांच्या भिंतींत उठणारे ठोके एमईजीला चांगले दिसतात. भाषा ऐकण्याचा भाग नेमका कानशिलाजवळच्या खोल सिल्व्हियन घडीच्या आत दडलेला असतो. हेलसिंकीच्या संशोधकांनी लँडाउ-क्लेफ्नरच्या मुलांमध्ये ठोके त्या घडीच्या आतून उठतात हे एमईजीनं दाखवलं. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ही सोय आहे. दोन्ही बाजूंना ठोके दिसत असतील आणि मूळ कुठल्या बाजूला हे ठरवायचं असेल, तर ती कामाला येते.

आता फंक्शनल एमआरआय. पालक याबद्दल सर्वात जास्त विचारतात आणि गैरसमजही याबद्दलच जास्त आहेत. ही तपासणी आजार शोधत नाही. भाषेचं काम मेंदूच्या कुठल्या भागांत चाललंय, ते ती दाखवते. एखादा भाग काम करू लागला की तिथं रक्ताचा पुरवठा गरजेपेक्षा जास्त वाढतो, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असल्यानं हा फरक मशीनला टिपता येतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व दाखवलं. फरक असतो एक-दोन टक्क्यांचा आणि तो पाच-सहा सेकंद उशिरा उमटतो. म्हणून मुलाकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, डोकं अजिबात न हलवता, प्रचंड आवाज करणाऱ्या बोगद्यात.

हे काम मुलाच्या घरच्या भाषेत असायला हवं, याचा मी आग्रह धरतो. बाहेरच्या केंद्रातलं तयार सॉफ्टवेअर इंग्रजी शब्द दाखवतं. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या, पण घरी मराठीच बोलणाऱ्या मुलाला ते शब्द सुचत नाहीत. मग चित्र फिकं येतं आणि अहवालात "डावीकडे भाषा दिसत नाही" असं लिहिलं जातं. त्याच मुलाला हेडफोनमधून "कावळा पांढरा असतो", "लिंबू आंबट असतं" अशी वाक्यं ऐकवली आणि खरं असेल तेव्हा बटण दाबायला सांगितलं, तर डावं कानशील आणि कपाळामागचा भाग स्पष्ट उजळतात. नाम ऐकून क्रियापद मनात आणणं, म्हणजे "पाणी" ऐकलं की "पितो", हेही चांगलं चालतं. एका अक्षरानं सुरू होणारे शब्द आठवायला सांगायचे असतील तर अनुस्वार, जोडाक्षरं आणि काने-मात्रे लक्षात घेऊन अक्षर निवडावं लागतं, आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला तो प्रकार बहुधा जमतच नाही. घरात अहिराणी, कोंकणी किंवा मालवणी बोलत असाल तर तसं सांगा, त्या भाषेतली वाक्यं ध्वनिमुद्रित करून घेणं अवघड नाही. आधी एक-दोन दिवस घरी मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवून, बिछान्यावर न हलता पडून राहण्याचा सराव केला तर पाच-सहा वर्षांची मुलं कमालीचं सहकार्य करतात.

मात्र ज्या मुलाला शब्दच कळत नाहीत, त्याच्याकडून हे काम कसं करून घेणार? म्हणून तुमच्या मुलाला आज फंक्शनल एमआरआय करणं निरर्थक आहे. ते चित्र रिकामं येईल आणि तुमची काळजी वाढेल.

ही तपासणी लागते ऑपरेशनपूर्वी. फिट्सचं मूळ डाव्या बाजूला असेल, तिथला भाग काढायचा असेल, तर भाषा तिथं आहे की नाही हे कळायलाच हवं. उजव्या हाताच्या माणसांत, लहानपणी मेंदूला इजा नसेल तर, भाषा जवळजवळ नेहमी डावीकडे असते. माँट्रियालमध्ये रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ साली दिलेला आकडा ९६ टक्क्यांचा आहे, डावखुऱ्यांत तो ७० च्या आसपास येतो. डाव्या बाजूला लवकर इजा झालेल्यांत हे प्रमाण खूप घटतं, कारण वाढत्या वयात भाषा उजवीकडे किंवा दोन्हीकडे घर करते. शिवाय लहान मुलांच्या मेंदूत भाषेच्या कामात उजवी बाजूही मोठ्यांपेक्षा जास्त भाग घेते, ती वयानुसार हळूहळू मागे पडते. म्हणून मोठ्यांच्या चित्रांवरून मुलांचा अंदाज बांधता येत नाही.

या तपासणीची एक मर्यादा सर्जनला आणि पालकांनाही ठाऊक हवी. उजळलेला भाग त्या कामात सहभागी आहे एवढंच कळतं. तो काढल्यावर बोलणं जाईलच, असं त्यावरून ठरत नाही, आणि न उजळलेला भाग निर्धोक आहे असंही नाही. पूर्वी यासाठी वाडा चाचणी करत. जुन वाडा यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू केली. मांडीतल्या धमनीतून नळी वर नेऊन मेंदूच्या एका बाजूला काही मिनिटं झोपवायचं आणि तेवढ्यात बोलणं तपासायचं. लहान मुलांवर ती फार कठीण पडते, आता ती क्वचितच करतात. त्याऐवजी फंक्शनल एमआरआय, भाषेचे भाग जोडणाऱ्या आर्क्युएट फॅसिक्युलस या तंतूंच्या जुडग्याचं डिफ्यूजन एमआरआयमधलं चित्र, आणि सविस्तर भाषाचाचणी ही तिन्ही एकत्र ठेवून निर्णय होतो. ही तिन्ही एका छताखाली जुळवून आणणारी केंद्रं भारतात मोजकी आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून फिट्सच्या शस्त्रक्रिया होतात, महाराष्ट्रातून तिथं जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत.

ऑपरेशननं बोलणं जाईल का, या प्रश्नावर एका मुलाची हकीकत सांगतो. ती वैद्यकीय वाङ्मयात "अ‍ॅलेक्स" या नावानं १९९७ साली लंडनहून प्रसिद्ध झाली. त्याला मेंदूच्या डाव्या बाजूला स्टर्ज-वेबर हा रक्तवाहिन्यांचा जन्मजात आजार होता. आठ वर्षं उलटली तरी त्याला बोलणं आलं नव्हतं. साडेआठव्या वर्षी डावी बाजू शस्त्रक्रियेनं काढली, औषधं कमी झाली, आणि नवव्या वर्षी तो बोलू लागला. पुढं वाक्यं, व्याकरण, स्पष्ट उच्चार सगळं आलं. सगळ्याच मुलांत असं होत नाही, आणि कुठल्याही पालकांनी या हकीकतीवर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. पण फिट्सनं ग्रासलेली बाजू दूर केल्यावर दुसरी बाजू भाषा शिकू शकते, आणि पाच-सहा वर्षांनंतर तो दरवाजा बंद होतो ही समजूत खरी नाही, हे त्यातून सिद्ध झालं. तुमच्या मुलाच्या बाबतीत ऑपरेशन हा मुख्य उपाय नाहीच. लँडाउ-क्लेफ्नरसाठी फ्रँक मॉरेल यांनी कवचावर बारीक आडवे छेद देण्याची पद्धत काढली होती, ती आज अगदी निवडक मुलांतच वापरतात.

भाषेच्या सगळ्याच अडचणींना स्कॅन लागतो असं वाटू नये म्हणून थोडं वेगळ्या मुलांबद्दल. फिट नाही, बोलणं मागे गेलेलं नाही, कान चांगले, पण भाषा मुळातच उशिरा आणि अपुरी येतेय, अशी मुलं शंभरात सातेक असतात. २०१७ पासून याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. या मुलांच्या गटांची चित्रं तुलनेनं पाहिली तर सरासरीत काही फरक सापडतात. बोलण्याचा आनुवंशिक त्रास असलेल्या लंडनच्या केई कुटुंबात, ज्यांच्या अभ्यासातून २००१ मध्ये फॉक्सपी-टू जनुकातला बदल सापडला, मेंदूच्या आतला कॉडेट न्यूक्लियस हा भाग लहान आढळला. पण एका मुलाचं चित्र बघून "याला हा विकार आहे" असं कुणालाही सांगता येत नाही. अशा मुलाला भूल देऊन एमआरआय करू नये, ते पैसे स्पीच थेरपीवर खर्च करावेत. स्कॅन केव्हा हवा? बोलणं मागे गेलं, फिट आली, एक हात किंवा पाय कमी वापरतोय, किंवा डोक्याचा घेर फार मोठा वा लहान आहे, तेव्हा.

किरणांबद्दल. ईईजी, एमईजी आणि कुठलाही एमआरआय यांत किरणोत्सर्ग नसतो. तो पेट, स्पेक्ट आणि सीटीमध्ये असतो, मात्रा मुलाच्या वजनानुसार ठेवतात. गरज असेल तर त्याला घाबरू नका, गरज नसेल तर एकदाही करू नका. मुलांमध्ये मला खरी काळजी वाटते ती वारंवार दिल्या जाणाऱ्या भुलीची. एकाच भुलीत काय काय उरकता येईल ते आधी ठरवून घ्या. खर्चही वाचतो.

ईईजीत ठोके सापडले तर उपचार लगेच सुरू होतात. रात्रीचं डायझेपाम किंवा क्लोबाझाम, स्टिरॉइड, व्हॅल्प्रोएट, सल्थिएम यांतून डॉक्टर निवडतात. स्टिरॉइडपूर्वी क्षयाची तपासणी आणि लसींची नोंद आपल्याकडे आवश्यकच. कार्बामाझेपिन काही मुलांत झोपेतले ठोके वाढवतं. सध्या ते चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, पण एकदम थांबवू नका. जनुकीय तपासणीत ग्रिन-टू-ए हे जनुक पाहायला सांगा. या गटातल्या काही मुलांत त्यात बदल असतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालंय. फिट्स वयात येईपर्यंत बहुतेकांच्या थांबतात. भाषा मात्र काहींची पूर्ण परतते, काहींची अर्धवट, आणि उपचार किती लवकर सुरू झाले याचा त्यात मोठा वाटा असतो.

पुन्हा फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका आणि दुसऱ्या कुणालातरी व्हिडिओ घ्यायला सांगा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर दवाखाना गाठा. त्याचे जुने, बोलतानाचे व्हिडिओही सोबत न्या. वयाच्या चौथ्या वर्षी तो किती मोठी वाक्यं बोलत होता, हे डॉक्टरांना दुसरं काहीच इतकं चांगलं सांगणार नाही. अहवाल येईपर्यंत घरात चित्रं, खुणा आणि हातवारे वापरा. त्यानं बोलणं मागे पडतं ही भीती चुकीची आहे. शब्दांचा अर्थ लागत नसलेल्या मुलाशी मोठ्यानं बोलून उपयोग होत नाही, त्याला डोळ्यांनी समजेल असं काहीतरी द्यावं लागतं. शाळेला कळवा की मूल उद्धट नाही, आजारी आहे. स्पीच थेरपिस्टकडून मराठीत एक चाचणी आताच करून घ्या: किती शब्द समजतात, किती बोलतो, किती लांब वाक्य पाळतो.

उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी झोपेतला ईईजी पुन्हा होईल, तेव्हा तीच भाषाचाचणी त्याच्याबरोबर पुन्हा करा. ठोके कमी आणि शब्द वाढलेले दिसले, तर औषध किती काळ ठेवायचं एवढंच ठरवायचं राहतं. ठोके गेले पण शब्द हलले नाहीत, तर थेरपी वाढवावी लागते आणि कान व जनुकं यांचा पुन्हा विचार करावा लागतो. दोन-तीन औषधांनीही ठोके हटलेच नाहीत, तर ३ टेस्लाचा पुन्हा काढलेला एमआरआय, पेट आणि एमईजी तेव्हा मागायचे.